मोटारीचें घ्राणेंद्रिय

मोटारीच्या चालकापुढील तबकड्यांमध्यें इंजिनाच्या आकृतीचा एक लहानसा पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवितांच तो लागतो व इंजिन सुरू झालें म्हणजे विझतो; विझला नाहीं, किंवा वाटेंत पुन्हां लागला, तर इंजिनाच्या कारभारांत कोठें तरी बिघाड आहे असें समजावयाचें. पण हा दिवा फार मोघम बोलतो. मोटार तर नेहमींप्रमाणें चाललेली असते. आवाजांत फरक नसतो, वेगांत कमतरता नसते. म्हणून पुष्कळ लोक त्याकडे महिनोन् महिने दुर्लक्ष करितात. दुसरे कांहीं लोक त्याच दिवशीं गॅरेज गांठतात. तेथें ‘ओ-टू सेन्सर गेला’ असा निकाल मिळतो, कांहीं हजार रुपये खर्चून नवा सेन्सर बसतो, आणि आठवड्यानें दिवा पुन्हां लागतो. पहिल्याचें नुकसान सावकाश होतें व दुसऱ्याचें ताबडतोब होतें, एवढाच काय तो फरक. हा ओ-टू सेन्सर, म्हणजे प्राणवायुमापक, काय काम करितो, तो खरोखर बिघडला आहे कीं त्याच्यावर उगाच आळ आला आहे हें कसें ओळखावें, आणि बदलणें भागच पडलें तर तो कसा बदलावा, याचा विचार येथें करावयाचा आहे.

पालघर, बोईसर व तारापूर या पट्ट्यांतील मोटारवाल्यांस हा विचार इतरांहून अधिक अगत्याचा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यापासून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि पालघर हें जिल्ह्याचें ठाणें बनलें. बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहत आहे, पलीकडे अणुविद्युत् केंद्र आहे; दोन्ही ठिकाणीं पाळ्यांनीं काम चालतें, आणि पाळीची वेळ व गाडीची वेळ यांचा मेळ प्रत्येक वेळीं बसतोच असें नाहीं. त्यामुळें उमरोळीवरून बोईसर, किंवा बोईसरहून चिल्हार फाट्यापर्यंत, अशा लहान लहान फेऱ्या मोटारी नित्य करितात. इंजिन पुरतें तापतें न तापतें तोंच मुक्काम येतो. त्यांत समुद्रावरून येणारा खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, आणि पाण्यानें भरलेले खड्डे. मोटारीखालीं बसविलेल्या एखाद्या नाजूक उपकरणास यापेक्षां गैरसोयीची हवा मुद्दाम शोधूनच काढावी लागेल.

पेट्रोल जळावयास हवा लागते हें सर्वांस ठाऊक आहे. ती किती लागते हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्णपणें जाळावयास सुमारें १४.७ किलो हवा पाहिजे. हवा याहून कमी पडली तर कांहीं पेट्रोल अर्धवट जळतें व धुराच्या नळींतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु बाहेर पडतो. हवा थोडी जास्त झाली तर नत्रवायूचीं प्राणिदें वाढतात. पहिल्या मिश्रणास कारागीर ‘रिच’ म्हणतात, दुसऱ्यास ‘लीन’. ज्या प्रमाणांत पेट्रोल व हवा दोन्ही एकमेकांस पुरेपूर पडतात त्यास शास्त्रज्ञांनीं ग्रीक अक्षरावरून ‘लॅम्डा एक’ असें नांव दिलें आहे. सायलेन्सरच्या वाटेवर बसविलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान् धातूंच्या साह्यानें धुरांतील तिन्ही विषांचा नाश करितो. पण तीन विषांचा एकाच वेळीं नाश करण्याचें त्याचें सामर्थ्य लॅम्डा एकच्या अगदीं लगतच्या अरुंद पट्ट्यांतच टिकतें. तेथून मिश्रण ढळलें कीं एक विष नाहींसें होतें व दुसरें मोकळें सुटतें.

आतां, पेट्रोल किती सोडावयाचें हें इंजिनाचा संगणक ठरवितो. पण सोडलेलें पेट्रोल नीट जळलें कीं नाहीं हें त्यास दिसत नाहीं. तें त्यास धुराच्या वासावरून कोणीतरी सांगावें लागतें, आणि तो सांगणारा म्हणजे हा सेन्सर. त्यास मोटारीचें नाक म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

या नाकाची रचना पाहण्यासारखी आहे. झिर्कोनियम धातूच्या प्राणिदाची बोटाच्या पेराएवढी एक पोकळ टोपी असते. तिच्या आंतल्या व बाहेरच्या अंगावर प्लॅटिनमचा अत्यंत पातळ, सच्छिद्र थर दिलेला असतो. बाहेरच्या अंगास धूर लागतो, आंतल्या अंगास स्वच्छ हवा. सुमारें तीनशें अंश सेंटिग्रेडच्या वर तापल्यावर या पदार्थांतून प्राणवायूचे विद्युद्भारित कण आरपार जाऊं लागतात, आणि दोन अंगांस प्राणवायूचें प्रमाण जितकें विषम असेल तितका विद्युत्-दाब दोन थरांमध्यें उत्पन्न होतो. या दाबाचें गणित जर्मन रसायनज्ञ वॉल्टर नेर्न्स्ट यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलें होतें. त्यास १९२० सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. धुरांत प्राणवायु शिल्लक असेल, म्हणजे मिश्रण लीन असेल, तर सेन्सर सुमारें ०.१ व्होल्ट दाखवितो. धुरांत प्राणवायु जवळजवळ नसेल तर ०.९ व्होल्टपर्यंत चढतो. लॅम्डा एकपाशीं ही चढउतार एकदम, पायरीसारखी होते, आणि सुमारें ०.४५ व्होल्ट ही त्या पायरीची मध्यरेषा होय. संगणक ती रेषा ओलांडली कीं पेट्रोल किंचित् कमी करितो, खालीं आली कीं किंचित् वाढवितो. अशा रीतीनें मिश्रण झोपाळ्याप्रमाणें सारखें इकडून तिकडे हेलकावत राहतें. हा हेलकावा हेंच निरोगी सेन्सरचें लक्षण आहे, ही एक गोष्ट श्रोत्यांनीं पुढच्या विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावी.

तारापूरच्या परिसरांत राहणाऱ्यांस येथें एक मौजेचा योगायोग सांगितला पाहिजे. तारापूर अणुविद्युत् केंद्राचे पहिले दोन संच २८ ऑक्टोबर १९६९ रोजीं कार्यान्वित झाले. अशा अणुभट्टींत युरेनियमच्या गोळ्या ज्या लांब नळ्यांत भरून ठेवितात त्या नळ्या झिर्कोनियमच्याच मिश्रधातूच्या असतात. कारण हा धातु न्यूट्रॉन फारसे शोषीत नाहीं व तापलेल्या पाण्यानें सहसा गंजत नाहीं. केरळ व तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील वाळूंत याचें खनिज सांपडतें. अणुभट्टींत धातु म्हणून आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मोटारींत प्राणिद म्हणून, असा एकच पदार्थ दोन अगदीं निराळ्या चाकऱ्या करीत आहे.

मोटारींत हा सेन्सर प्रथम १९७६ सालीं आला. जर्मनींतील बॉश कंपनीनें तो तयार केला व स्वीडनच्या व्होल्वो कंपनीनें तो कॅलिफोर्नियांत विकावयाच्या मोटारींस लाविला, कारण धुरासंबंधीं सर्वांत कडक कायदा त्या वेळीं तेथें होता. आपल्याकडे १९९५ सालीं मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला व त्यासाठीं शिसेरहित पेट्रोल आलें. शिसें हें कन्व्हर्टर व सेन्सर या दोघांचेंही कट्टर विष. तें २००० सालीं देशभर पेट्रोलमधून गेलें. बिघाडाची नोंद स्वतः ठेवण्याची यंत्रणा मोटारींत २०१० पासून टप्प्याटप्प्यानें आवश्यक झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचीं मानकें लागू झालीं. आज बहुतेक मोटारींस दोन सेन्सर असतात: एक कन्व्हर्टरच्या आधीं, एक नंतर. पहिला मिश्रण सांभाळतो. दुसरा कन्व्हर्टरवर पहारा ठेवितो.

इंधन बदललें म्हणून सेन्सरचें काम बदलत नाहीं. इथेनॉलमध्यें प्राणवायु मुळांतच असल्यामुळें २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलास साडेतेरा पटींच्या आसपासच हवा पुरते, तर सी. एन. जी.मधील मिथेनला सतरा पटींहून अधिक लागते. सेन्सर या पटी मोजीत बसत नाहीं. शिल्लक प्राणवायु तेवढा हुंगतो व लॅम्डा एक कोठें आहे तें सांगतो. म्हणूनच इंधनांतील फरक संगणक आपोआप सांभाळून घेतो. सेन्सर मंद झाला तर मात्र ही सांभाळणी डळमळते.

सेन्सर मरतो कसा? वयानें मरतो, हें एक. ज्यांत तापविण्याची तार नव्हती असे जुने सेन्सर ५० ते ८० हजार किलोमीटर चालत. तार असलेले दीड लाखाच्या पुढेंही जातात. परंतु पुष्कळांस अकालीं मरण येतें. इंजिनाच्या सांध्यांना भलत्याच जातीचा सिलिकोन लावला कीं त्याची वाफ जळून सेन्सरच्या टोकावर पांढरट पूट चढतें व छिद्रें बुजतात. इंजिन तेल खात असेल तर तेलाची राख बसते; रेडिएटरचें पाणी सिलिंडरमध्यें झिरपत असेल तर त्यांतील द्रव्यांचा थर बसतो. काजळीचा काळा थर त्या मानानें निरुपद्रवी. लांबच्या प्रवासांत तो पुष्कळदा जळून जातो. मात्र ज्यांची मोटार रोज पालघर–बोईसर एवढीच धांवते त्यांच्या बाबतींत तो जळावयास अवसरच मिळत नाहीं. पावसाळ्यांतील गोष्ट निराळी आहे. तापलेल्या सेन्सरवर गार पाण्याचा सपकारा बसला, किंवा धुराच्या नळींत सांचलेल्या पाण्याचा थेंब आंतल्या तप्त टोपीवर उडाला, तर ती चिनी मातीच्या कपासारखी तडकते. याखेरीज खाऱ्या हवेनें जोडणीच्या पितळी टोकांवर हिरवा गंज चढतो, आणि उंदीर तारा कुरतडतात. या शेवटच्या दोहोंत सेन्सरचा कांहींच दोष नसतो, हें सांगण्याचें कारण लवकरच दिसेल.

परीक्षेचा आरंभ स्कॅनरनें करावा. स्टिअरिंगखालच्या जोडणीस हें यंत्र लाविलें कीं संगणकानें नोंदलेला दोषांक दिसतो. तो पुसण्यापूर्वीं लिहून घ्यावा; गॅरेजांत हीच पहिली चूक होते. पी ०१३५ म्हणजे तापविण्याच्या तारेच्या मंडलांत बिघाड. पी ०१३१ म्हणजे दाब सतत खालीं. पी ०१३२ म्हणजे सतत वर. पी ०१३३ म्हणजे हेलकावा मंदावला. पी ०१३४ म्हणजे हालचालच नाहीं. पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हा अंक सेन्सरचा दोष मुळींच सांगत नाहीं. तो सेन्सरनें दिलेली बातमी सांगतो. बातमी अशुभ आहे म्हणून बातमीदारास बडतर्फ करण्याचा प्रकार या अंकाच्या बाबतींत सर्रास घडतो. आणि ज्या अंकांत सेन्सरचें नांव येतें तेथेंही ‘मंडल’ या शब्दांत सेन्सर, त्याच्या तारा, जोडणी व फ्यूज हीं सर्व येतात.

अंक कळल्यावर डोळे व कान वापरावे. थंड इंजिन सुरू करून, पहिल्या सेन्सरच्या अलीकडे धुराची नळी कोठें फुटली आहे काय तें ऐकावें. टिक् टिक् असा आवाज व सांध्याजवळ काजळीचा डाग ही तिची खूण. या फटीचें कारस्थान मोठें विचित्र आहे. धूर झटक्याझटक्यानें बाहेर पडतो, व दोन झटक्यांच्या मध्यें नळींतील दाब क्षणभर उतरून बाहेरची हवा आंत ओढली जाते. सेन्सर त्या हवेंतील प्राणवायु हुंगून ‘लीन’ असें कळवितो, संगणक पेट्रोल वाढवितो, आणि मुळांत ठीक असलेलें मिश्रण खरोखरीच रिच होतें. पेट्रोलचा खर्च वाढतो, जादा पेट्रोल कन्व्हर्टरमध्यें जाऊन जळतें, व सेन्सरच्या कितीतरी पट किंमतीचा तो कन्व्हर्टर तापून वितळावयास लागतो. येथें नवा सेन्सर लाविला तर तोही तेंच खोटें इमानेंइतबारें सांगेल. एखाद्या सिलिंडरमध्यें ठिणगी पडत नसेल तरी असेंच होतें: न जळलेल्या पेट्रोलाबरोबर न वापरलेला प्राणवायुही बाहेर येतो, सेन्सरला पेट्रोलचा वास कळत नाहीं, प्राणवायूचा कळतो. म्हणून प्लग, ठिणगी व हवेच्या नळ्या यांची तपासणी सेन्सरच्या आधीं झाली पाहिजे.

त्यानंतर तापविण्याची तार. सेन्सरला बहुधा चार तारा असतात. त्यांपैकीं एका रंगाच्या ज्या दोन, त्या तापविण्याच्या. बॉशच्या सेन्सरला या पांढऱ्या असतात व संदेशाची तार काळी. डेन्सोच्या सेन्सरला तापविण्याच्या काळ्या व संदेशाची निळी. हा भेद न जाणतां तारा जोडणाऱ्यांनीं नवे सेन्सर पहिल्याच दिवशीं निकामी केले आहेत. इंजिन थंड असतांना जोडणी सोडवून या दोन टोकांमधील रोध मल्टिमीटरनें मोजावा. तो कांहीं थोडे ओहम, बहुधा दोनांपासून पंधरापर्यंत, भरतो. नेमका आंकडा त्या मोटारीच्या पुस्तकांत पाहावा. रोध अनंत दाखविला तर तार तुटली व सेन्सर बदलणें प्राप्तच. रोध ठीक असेल तर किल्ली फिरवून, इंजिन सुरू करून, मोटारीच्या बाजूच्या टोकांशीं बारा व्होल्ट येतात कीं नाहीं तें पाहावें. येत नसतील तर फ्यूज व तारा तपासाव्या.

मग मुख्य परीक्षा. इंजिन चांगलें तापवून दर मिनिटास सुमारें २५०० फेऱ्यांवर स्थिर ठेवावें. हें काम उघड्यावरच करावें. बंद गॅरेजांत कार्बन मोनॉक्साइड सांचतो, त्यास रंग नाहीं, वास नाहीं, व तो माणसास सावध होऊं देत नाहीं. संदेशाच्या तारेवर, जोडणी न तोडतां, मागच्या बाजूनें बारीक सुई घालून मल्टिमीटर लावावा, अगर स्कॅनरवरील आलेख पाहावा. दाब ०.१ व ०.९ यांच्या दरम्यान दहा सेकंदांत सात-आठ वेळां तरी हेलकावला तर सेन्सर जिवंत आहे. खालीं चिकटून बसला असेल तर पाय दाबून इंजिनाची गति एकदम वाढवावी: क्षणभर मिश्रण रिच होतें व दाब उसळी मारून ०.८च्या वर जावयास हवा. वर चिकटला असेल तर इंजिनाकडे जाणारी हवेची एक बारीक नळी क्षणभर काढावी: दाब तात्काळ कोसळला पाहिजे. या दोन्ही प्रसंगीं सेन्सरनें तत्परतेनें उत्तर दिलें तर त्यास निर्दोष समजून दोष अन्यत्र, फुटलेल्या नळींत, गळक्या इंजेक्टरांत, पेट्रोलच्या दाबांत, शोधावा. उत्तर आलेंच नाहीं, किंवा रेंगाळत आलें, तर निकाल लागला.

कन्व्हर्टरपलीकडील दुसऱ्या सेन्सरची कसोटी नेमकी उलट आहे. तो शांत असला पाहिजे. तोही पहिल्याबरोबर हेलकावूं लागला तर बहुधा कन्व्हर्टर थकलेला असतो. भारत स्टेज सहाच्या अनेक मोटारींत मात्र पहिला सेन्सर निराळ्या, रुंद मापाच्या जातीचा असतो. त्यास बहुधा पांच तारा असतात व त्याचा दाब वरीलप्रमाणें हेलकावत नाहीं. तेथें मल्टिमीटरच्या वाटेस जाऊं नये. स्कॅनरवर लॅम्डाचा आंकडा वाचावा.

बदलण्याचें काम त्या मानानें सोपें, पण घाईचें नाहीं. बॅटरीची ऋण तार सोडवावी. धुराची नळी कोमट असतांना आटे सुटतात. ती लाल तापलेली असतां हात भाजतात, व अगदीं थंड असतां आटे धरून बसतात. किनाऱ्यावरील मोटारींत आटे गंजलेले असावयाचेच, म्हणून आदल्या रात्रीं गंज सोडविणारें तेल टाकून ठेवावें. पाना बहुधा २२ मिलिमीटरचा, व तारेसाठीं एका बाजूस चीर असलेला असावा; साध्या पान्यानें कोन घांसले जातात व मग तें प्रकरण लेथवर जातें. जुना सेन्सर निघाला कीं त्याचें टोक पाहावें. पांढरें, काळें कीं तेलकट, यावरून नव्याच्या आयुष्याचें भविष्य वर्तवितां येतें. तेलकट असेल तर इंजिनाची दुरुस्ती पुढें ढकलण्यांत अर्थ नाहीं.

नवा सेन्सर खालीं पडूं देऊं नये, टोकास बोट लावूं नये. आट्यांस बहुधा कारखान्यांतूनच वंगण लाविलेलें असतें. नसेल तर सिलिकोनरहित, उष्णता सोसणारें वंगण फक्त आट्यांस लावावें. हातानें आटे बसवून मग पान्यानें ४० ते ५० न्यूटन-मीटरच्या सुमारास, किंवा निर्मात्यानें दिलें असेल त्या मापानें, आंवळावा. जोडणींत ग्रीस भरण्याची संवय पावसाळी मुलखांत आहे. येथें ती घातक ठरते. अनेक सेन्सरांच्या टोपीच्या आंतील स्वच्छ हवा तारेच्या बारीक धाग्यांमधूनच आंत जात असते. ग्रीसनें ती वाट बुजते. त्याच कारणास्तव तुटलेल्या तारेस डाग देऊन सांधणेंही वर्ज्य. दाबून बसविणारे सांधे वापरावे, अगर पूर्ण जोडणीसह मिळणारा सेन्सर घ्यावा. तार नळीस टेकणार नाहीं अशी बांधावी.

नंतर दोषांक पुसून मोटार थोडी लांब न्यावी. बोईसरहून चिल्हार फाट्यास जाऊन महामार्गावर मनोरकडे वीस-पंचवीस मिनिटें एकसारखी चालविली म्हणजे संगणकास आपल्या परीक्षा घ्यावयास अवकाश मिळतो. पुढें धूर-तपासणीच्या वेळीं, जी भारत स्टेज चार व सहाच्या मोटारींस वर्षातून एकदां करावी लागते, दाखल्यावरील दोन आंकडे वाचून पाहावे: इंजिन मंद चालीवर असतां कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आंत, आणि २५०० फेऱ्यांच्या सुमारास लॅम्डा ०.९७ व १.०३ यांच्या दरम्यान.